सी मिळाला तर? : एडिसनमधल्या एका घराने प्री-मेडसाठी कॉलेज कसं निवडलं

एप्रिल २०१८ च्या तिसऱ्या आठवड्यात ताईचा फोन आला, तेव्हा मी रात्रपाळी करून नुकतीच घरी पोचले होते. "दुपारी येऊन जा गं," ती म्हणाली, "बाप-लेक कालपासून एकमेकांशी बोलत नाहीयेत." कारण मला माहीत होतं. १ मे च्या आत कोणत्या तरी एका कॉलेजला होकार कळवून अनामत भरायची होती आणि घरात तीन माणसांची तीन मतं होती.

ही गोष्ट माझ्या भाचीची. तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव मात्र तिचं ती कुठेतरी लावेल तेव्हा लावेल. गेल्या काही वर्षांत अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या आमच्या भागातल्या बऱ्याच मराठी घरांतून मला एप्रिलमध्ये फोन येतात, कारण मी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते आणि डॉक्टर होऊ घातलेली मुलं रोज बघते. प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एक प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडावं, असं बरेच दिवस मनात होतं.

आधी महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं. आमचं माहेर मिरजेचं. वॉन्लेस हॉस्पिटलच्या गावात वाढल्यामुळे डॉक्टर होणं म्हणजे काय, याचं एक ठरलेलं चित्र आमच्या घरात होतं. बारावी करायची, प्रवेश परीक्षा द्यायची, नंबर लागला तर गव्हर्मेंट मेडिकलला जायचं, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांत एमबीबीएस. त्यामुळे बाबा फोनवर पुन्हा पुन्हा विचारायचे, "अगं, तिला डॉक्टर व्हायचंय ना, मग आधी चार वर्षं दुसरं काय शिकणार?" अमेरिकेत मेडिकल कॉलेज पदवीनंतर सुरू होतं. आधी चार वर्षांची कुठलीही पदवी, मग चार वर्षांचं एमडी, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण. प्री-मेड म्हणजे त्या पदवीच्या काळात केलेली मेडिकलची पूर्वतयारी. तो विषय नाही आणि पदवीही नाही. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र हे सगळं प्रयोगांसकट, वर बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा संख्याशास्त्र, इंग्रजी, आणि २०१५ पासून एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मानसशास्त्र-समाजशास्त्र आलं म्हणून तेही. एवढं केलं की मुख्य विषय इतिहास असला तरी चालतो.

म्हणजे अठराव्या वर्षी निवडायचं असतं ते मेडिकल कॉलेज नव्हे. निवडायची असते ती जागा, जिथे चार वर्षांत ग्रेड, एमकॅट, दवाखान्यातला अनुभव आणि आपल्याला नीट ओळखणारे दोन-चार प्राध्यापक एवढं जमवता येईल. बारावीला मार्क पडले की वाट ठरली, असं इथे होत नाही. पहिल्या सत्रातली प्रत्येक ग्रेड चार वर्षांनी अर्जात दिसते.

काही कॉलेजांत बारावीनंतरच पदवी आणि मेडिकलची जागा एकत्र मिळते. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा कार्यक्रम किंवा न्यू जर्सीतलाच, टीसीएनजे (द कॉलेज ऑफ न्यू जर्सी) आणि न्यूअर्कच्या मेडिकल स्कूलचा सात वर्षांचा, हे आपल्याकडच्या पालकांना तोंडपाठ असतात. भाचीने अशा दोन ठिकाणी अर्ज केले होते. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत गेली, पण जागा मिळाली नाही. ते दार बंद झालं आणि समोर तीन पर्याय उरले.

पहिला रटगर्स, न्यू ब्रन्सविकमधलं राज्याचं विद्यापीठ. घरापासून गाडीने वीस मिनिटं. राज्यातल्या मुलांना त्या वर्षी फी सुमारे १५ हजार डॉलर, राहणं-जेवण धरून २८ हजारांच्या आसपास. तिला वर्षाला ५ हजारांची शिष्यवृत्ती मिळाली होती.

दुसरं एक मोठं, नामांकित खासगी विद्यापीठ. नाव घेत नाही. स्वतःचं मोठं हॉस्पिटल, नोबेलवाले प्राध्यापक, खर्च वर्षाला ७० हजार. मदत शून्य, कारण ताई आणि दाजी दोघं नोकरी करतात. शिवाय अशा कॉलेजांचा आर्थिक मदतीसाठी जो सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज असतो, त्यात राहत्या घराची किंमतही विचारतात. सरकारी फाफसा अर्जात ती धरत नाहीत. एडिसनमध्ये वीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर कागदावर माणसाला श्रीमंत करतं. त्यातली एक वीटही फी म्हणून भरता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

तिसरं पेनसिल्वेनियातलं एक छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज. डोंगरउतारावर दगडी इमारती, वर्गात वीस-पंचवीस मुलं. त्यांनी गुणवत्तेवर २४ हजारांची सवलत दिली होती, म्हणजे खर्च ४६ हजार.

दाजींना दुसरं हवं होतं. भाचीला तिसरं. ताईला, तिने कबूल केलं नाही तरी, पहिलं, कारण मुलगी जवळ राहिली असती.

त्या दुपारी मी गेले तेव्हा दाजी लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांची एक्सेल शीट मी कधी विसरणार नाही. तीन रांगा, चार वर्षांचे चार कॉलम, शेवटी बेरीज: ९२ हजार, २ लाख ८० हजार, १ लाख ८४ हजार. खाली एका ओळीत ५२९ खात्यातली, म्हणजे मुलांच्या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातली शिल्लक, १ लाख १० हजार. पोरीच्या बारशापासून दर महिन्याला टाकलेले पैसे होते ते. मी विचारलं, "आणि मेडिकलची चार वर्षं कुठे आहेत यात?" दाजी म्हणाले, "ते तिचं ती कर्ज काढेल, सगळेच काढतात." बरोबर आहे, बहुतेक जण काढतात. पण पदवीला घर गहाण ठेवायचं आणि मेडिकलला मुलीने कर्जात उतरायचं, हे दोन्ही एकाच घरावर येतं, हे त्या शीटमध्ये दिसत नव्हतं. ५२९ मधला पैसा मेडिकल कॉलेजलाही वापरता येतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पैशाचं एवढंच असतं तर प्रश्न दहा मिनिटांत सुटला असता. पण दाजी म्हणाले ते मनाला लागणारं होतं. "आम्ही आलो तेव्हा आम्हाला कोणी ओळखत नव्हतं. पोरीच्या मागे नाव असलं तर तिला दार उघडेल." यावर हसण्यासारखं काही नाही. सांगलीच्या इंजिनियरिंग कॉलेजातून आलेल्या माणसाने पंचवीस वर्षं प्रत्येक मुलाखतीत आपल्या कॉलेजचं नाव दोनदा सांगितलेलं असतं.

आम्ही ठरवलं की दोन्ही खासगी कॉलेजं पुन्हा एकदा जाऊन बघायची. मी रजा टाकली.

पेनसिल्वेनियातल्या त्या छोट्या कॉलेजात प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी खास दिवस होता. सभागृहात पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: आमच्या अर्जदारांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो. पालकांमध्ये कुजबुज झाली. ताईने माझा हात दाबला. देशभरात त्या सुमारास साधारण पन्नास हजारांवर मुलं अर्ज करत होती आणि एकवीस-बावीस हजारांना जागा मिळत होती, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास. तिथे नव्वद म्हणजे जादूच.

नंतर कॉफीच्या टेबलापाशी मी तिथल्या प्री-हेल्थ सल्लागार बाईंना विचारलं, "पहिल्या वर्षी किती मुलं स्वतःला प्री-मेड म्हणवतात?" त्या म्हणाल्या, शंभराच्या वर. "आणि चौथ्या वर्षी अर्ज किती जण करतात?" तीसेक. मधली सत्तर कुठे गेली, असं विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काहींचं मन बदलतं, आणि ज्यांचा जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची चारपैकी सरासरी, ठरलेल्या आकड्याच्या खाली जातो, त्यांना कॉलेजची समिती शिफारसपत्र देत नाही. समितीचं पत्र नसेल तर मेडिकल कॉलेज विचारतं, का नाही? म्हणून अशी मुलं अर्जच करत नाहीत.

हे नीट समजून घ्या, कारण दर एप्रिलला मी हेच सांगत असते. टक्केवारी खोटी नव्हती. फक्त भागाकार ज्या संख्येने केला, ती संख्या आधीच चाळून घेतलेली होती. त्या बाईंवर माझा अजिबात राग नाही. विचारलं तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं. सभागृहातल्या दीडशे पालकांपैकी किती जणांनी विचारलं, हा खरा प्रश्न.

परतीच्या वाटेवर भाची मागच्या सीटवर गप्प होती. तिचं मन त्या दगडी इमारतींवर बसलेलं होतं. हॅरिसबर्ग मागे पडल्यावर म्हणाली, "मावशी, त्या सत्तर जणांमध्ये मी असले तर?"

नामांकित विद्यापीठात दाजी स्वतः आले. तिथे भाचीने एक दिवस एका विद्यार्थिनीबरोबर काढला, वर्गात बसली, मेसमध्ये जेवली. ती मुलगी हुशार होती, स्वभावाने गोड. तिने सांगितलं की पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत ग्रेड कर्व्हवर, म्हणजे बाकीच्या वर्गाच्या तुलनेत, असतात आणि वर्गाची सरासरी बी-मायनसच्या आसपास बसवतात. वर्गात बसलेली जवळपास सगळी मुलं आपापल्या शाळेत पहिली-दुसरी आलेली. म्हणजे अशा मुलांमधली निम्मी बी-मायनसच्या खाली जाणार, आणि ते त्यांच्या आळसामुळे नव्हे, गणितामुळे. भाचीने तिला विचारलं, "मग ज्यांना सी मिळतो ते काय करतात?" ती मुलगी जरा थांबली आणि म्हणाली, "बहुतेक जण प्री-मेड राहत नाहीत."

तो प्रश्न भाचीचा नव्हता, माझाही नव्हता. आमच्या हॉस्पिटलमध्ये एक दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट रात्री उशिरा रिपोर्ट विचारायला खाली यायचा. आदल्या आठवड्यात मी त्याला सहज विचारलं होतं की कॉलेज निवडताना काय बघावं. त्याने क्षणभरही विचार केला नाही. म्हणाला, तिला पहिल्यांदा सी मिळेल त्या संध्याकाळी ती कुणाच्या दारात जाईल, एवढं बघा. हुशार मुलाला कुठेही ए मिळतो. सी मिळालेल्या मुलाचं तिथे काय होतं, त्यावरून कॉलेज कळतं.

हे ऐकून मी घरी येऊन हिशेब मांडला. पदवीची १२० क्रेडिट. समजा, एका चार क्रेडिटच्या विषयात सी (म्हणजे दोन) आणि बाकी सगळीकडे ए (म्हणजे चार). जीपीए येतो ३.९३. मेडिकल कॉलेजं विज्ञान विषयांचा जीपीए वेगळा काढतात. तिथे साठेक क्रेडिट धरली तरी तो ३.८७ राहतो. मेडिकलला प्रवेश मिळालेल्या मुलांची सरासरी साधारण पावणेचारच्या आसपास असते. म्हणजे एक सी कोणाला बुडवत नाही. बुडवतं ते त्या सीनंतर घाबरून, कुणाला न सांगता, पुढच्या सत्रात तसंच ढकलत राहणं. आणि दर विज्ञान विषयात बी मिळत राहणं तर त्याहून घातक, कारण त्यात धक्का बसत नाही.

रटगर्सला आम्ही सगळ्यात शेवटी गेलो, आणि अगदी साध्या वारी, कार्यक्रम नसताना. बुश कॅम्पसवर गाडी लावली. रॅरिटन नदीच्या अलीकडे-पलीकडे पसरलेलं विद्यापीठ आहे ते, मुलं वर्गांसाठी बसने नदी ओलांडतात. केमिस्ट्रीचं लेक्चर चालू होतं, दार उघडंच होतं, आम्ही मागे जाऊन उभ्या राहिलो. तीनशेच्या वर मुलं. पुढे प्राध्यापक बोटाएवढे दिसत होते. भाचीचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर माझाही. पण तिथून आम्ही लर्निंग सेंटरमध्ये गेलो. तिथे एका टेबलाभोवती सहा-सात मुलं आणि मधोमध एक तिसऱ्या वर्षाची मुलगी. ही लर्निंग असिस्टंट. आदल्या वर्षी तोच विषय चांगल्या ग्रेडने पास झालेल्या मुलांना विद्यापीठ या कामाला घेतं. भाचीने तोच प्रश्न तिला विचारला. ती मुलगी म्हणाली, "मला जनरल केमच्या पहिल्या पेपरात ५२ होते. म्हणून तर मी इथे येऊन बसायला लागले."

हेल्थ प्रोफेशन्स ऑफिसात आम्ही एकच गोष्ट विचारली: जीपीए अमुक एका आकड्याखाली गेला तर तुम्ही मुलाशी बोलणं बंद करता का? उत्तर आलं की नाही, वेळ लागेल एवढं सांगतो. घाई करून अर्ज टाकू नकोस, एक वर्ष थांब, असं सांगतो.

२९ एप्रिलला रात्री जेवणं झाल्यावर भाचीने स्वतः सांगितलं, "रटगर्स." दाजी उठून बाहेर गेले, बराच वेळ अंगणात उभे होते. आत आल्यावर त्यांनी तिच्याकडे एक अट मांडली, पहिली दोन वर्षं तरी हॉस्टेलवर राहायचं. जवळ राहावी म्हणून झुरणाऱ्या ताईसमोर त्यांनी हे म्हटलं, याचं मला फार वाटलं. नाव मिळत नसेल तर निदान कॉलेज तरी पूर्ण मिळू दे, असं त्यांच्या मनात असावं.

डिसेंबर २०१९. दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र संपलं. संध्याकाळी दारात भाची. मी थालीपीठं लावत होते. ती आत येऊन ओट्याला टेकली आणि म्हणाली, "मावशी, ऑर्गोमध्ये सी." ऑर्गो म्हणजे ऑरगॅनिक केमिस्ट्री.

मी गॅस बंद केला नाही. तिच्या हातात गरम थालीपीठ आणि लोणी दिलं आणि वही दाखव म्हटलं. वही सुंदर होती. चार रंगांची शाई, प्रत्येक रिॲक्शन चौकटीत, बाजूला रीएजंट. मिरजेत मी अशीच वही ठेवायचे, आणि मार्क पडायचे. मी म्हटलं, "हे तर सगळं लिहिलंयस." तिने मान हलवली. "लिहिलंय, पाठ पण केलंय. पेपरात जे आलं ते वहीत नव्हतं."

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात ती ऑर्गोच्या एका टीएकडे, म्हणजे शिकवायला मदत करणाऱ्या सहायकाकडे गेली. त्याने वही बघितलीच नाही. कोरा कागद पुढे सरकवला, एक रेणू काढला आणि म्हणाला, इलेक्ट्रॉन कुठे जास्त आहेत ते दाखव. मग कुठे कमी. आता एक बाण काढ, जास्तीकडून कमीकडे. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत वाकडे बाण काढतात, इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली आणि कुठे पोचली ते दाखवायला. भाची अख्खं पहिलं सत्र ते बाण चित्रासारखे उतरवून घेत होती. बाण म्हणजे हालचाल आहे, हे तिला त्या कोऱ्या कागदावर समजलं. दर मंगळवारी ती जायची आणि तो दरवेळी कोरा कागद द्यायचा. मार्चमध्ये करोनामुळे सगळं घरी आलं, तेव्हा ती कॅमेऱ्यासमोर कागद धरून बाण काढायची. ताई खोलीबाहेरून ऐकायची आणि मला फोन करून सांगायची, "आज बोलत होती गं त्याच्याशी, रडत नव्हती."

त्या सत्रात बऱ्याच कॉलेजांनी ग्रेडऐवजी पास-नापास घ्यायची मुभा दिली होती. तिने ग्रेडच घेतली. बी-प्लस.

पहिला विषय पुन्हा देऊन सी पुसून टाकू, असं दाजींना वाटत होतं. इथे बहुतेक पालक फसतात. कॉलेजच्या गुणपत्रिकेवर नवी ग्रेड जुनीच्या जागी बसू शकते, पण एमडी कॉलेजांसाठी जी मध्यवर्ती अर्ज-यंत्रणा आहे, तिथे दोन्ही ग्रेड मोजल्या जातात. ऑस्टिओपॅथी कॉलेजांकडे, म्हणजे एमडीऐवजी डीओ पदवी देणाऱ्या मेडिकल कॉलेजांकडे, पूर्वी सूट होती, तीही २०१७ मध्ये बंद झाली. म्हणून सल्ला मिळाला तो असा: पुन्हा देऊ नकोस, वरचा विषय घेऊन दाखव. २०२० च्या हिवाळ्यात तिने बायोकेमिस्ट्री घेतली. तिथे तेच बाण, शरीरातल्या एन्झाइमांमधले. ए.

आणि मग ती स्वतः लर्निंग असिस्टंट झाली. तीनशेच्या वर्गात प्राध्यापक आपल्याला ओळखणार कसे, ही माझी सगळ्यात मोठी काळजी होती, कारण शिफारसपत्रं त्यांचीच लागतात. असिस्टंट मुलांची दर आठवड्याला प्राध्यापकांबरोबर बैठक असायची. पत्र तिथून आलं. मोठ्या कॉलेजात ओळख आपोआप होत नाही, ती मिळवावी लागते. जे मूल दार ठोठावायला लाजतं, त्याच्यासाठी छोटं कॉलेज खरंच जास्त चांगलं, हे मी आजही सांगते.

दवाखान्याचा अनुभव तिने गावच्या स्वयंसेवक रुग्णवाहिका पथकात घेतला. न्यू जर्सीत अशा पथकात नाव घातलं तर ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार करणाऱ्याच्या प्रशिक्षणाची फी राज्याच्या निधीतून निघते. शेवटची दोन वर्षं ती घरूनच जात होती, म्हणून शनिवारच्या रात्रीची पाळी जमली. दूरच्या कॉलेजात हे असं सहज जमलं असतं का, सांगता येत नाही.

मे २०२२ मध्ये पदवी. मेडिकल एक वर्षाने सुरू करायचं ठरवून त्याच जूनमध्ये अर्ज केले. एमकॅट ५१४. ही परीक्षा ४७२ ते ५२८ अशी मोजतात, मध्य ५००, आणि प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी ५११-५१२ च्या आसपास. चोवीस कॉलेजं. पहिल्या कॉलेजाला पावणेदोनशेच्या आसपास, पुढच्या प्रत्येकाला चाळीस डॉलरच्या वर, आणि मग प्रत्येकाचा दुसरा अर्ज नि त्याची वेगळी फी. चार हजार डॉलर त्यातच गेले. त्या वर्षी देशात ५५,१८८ जणांनी अर्ज केले आणि २२,७१२ जणांना प्रवेश मिळाला.

तिला तीन मुलाखती आल्या, तिन्ही व्हिडिओवर. तिन्ही संपल्यावर दाजींनी एकच विचारलं, "कॉलेजबद्दल काय म्हणाले?" कोणी काही म्हणालं नव्हतं. दोन ठिकाणी मात्र सीबद्दल विचारलं होतं. तिने कोऱ्या कागदाची गोष्ट सांगितली. एका मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरांनी तिला तिथेच कागद घ्यायला लावला आणि म्हणाले, दाखव, कसा काढायचीस. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्याच एका मेडिकल कॉलेजची जागा मिळाली. आता तिचं शिक्षण चालू आहे. ५२९ मधले चाळीस हजारांवर शिल्लक राहिले होते. ते पहिल्या वर्षाला गेले.

आता दुसरी बाजू, कारण एका मुलीवरून नियम होत नाही. त्याच वर्षी आमच्या ओळखीतला एक मुलगा त्याच नामांकित विद्यापीठात गेला, ज्याला दाजींची पसंती होती. तो तिथे फुलला. पहिल्याच वर्षी एका प्रयोगशाळेत शिरला, वर्ष न थांबता थेट मेडिकलला गेला. त्याला स्पर्धा मानवते. माझ्या भाचीला मानवत नाही, तिला सोबत लागते. हे तिच्याबद्दल आम्हाला अठराव्या वर्षी माहीत होतं, फक्त कॉलेज निवडताना कोणी बोललं नव्हतं. आणखी एक मुलगी रटगर्सलाच भाचीबरोबर होती. तिने दुसऱ्या वर्षी प्री-मेड सोडलं, अर्थशास्त्र घेतलं आणि आनंदात आहे. तिच्या वडिलांना मात्र मी सांगितलं, अठरा वर्षांच्या मुलीने मन बदललं तर ते तिच्या कॉलेजचं अपयश नाही आणि तिचंही नाही. ज्या कॉलेजात डॉक्टरकी सोडल्यावरही चांगलं काही शिकता येतं, तेच चांगलं.

गमावलंही काही. त्या छोट्या कॉलेजातले वीस जणांचे वर्ग, प्राध्यापकांच्या घरी जेवणं, हे भाचीला मिळालं नाही. मध्ये एकदा म्हणाली होती, "मला तिथे आवडलं असतं, मावशी." मी तिला खोटी समजूत घातली नाही. आवडलंच असतं.

आत्ता जी घरं निवड करतायत, त्यांच्यासाठी पैशाचं चित्र २०१८ पेक्षा जास्त अवघड आहे. ४ जुलै २०२५ ला झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद केलं. मेडिकलसारख्या शिक्षणाला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख, यापुढे नाही. बऱ्याच मेडिकल कॉलेजांचा वर्षाचा खर्च याच्या वर जातो, वरचा भाग खासगी कर्जाने भरायचा, आणि त्याला जामीन बहुधा आईवडीलच. पालकांच्या नावावरचं प्लस कर्जही आता एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांवर थांबतं. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ मध्ये आणि ब्रॉन्क्सच्या आइन्स्टाइनने २०२४ मध्ये मेडिकलची फी माफ केली, हे खरं. पण तिथे नंबर लागेल असं धरून अठराव्या वर्षी घर गहाण ठेवू नये.

धाकटा भाचा यंदा अकरावीत आहे. त्यालाही डॉक्टर व्हायचंय, निदान सध्या तरी. दाजींनी जुनी एक्सेल शीट परत काढली आहे. मागच्या रविवारी मी बघितली. कॉलेजांच्या रांगा अजून रिकाम्या आहेत. आधी त्यांनी मेडिकलच्या चार वर्षांचे चार कॉलम भरलेत, आणि शेवटी एक नवा कॉलम घातलाय. त्यात आकडा नाही. वर लिहिलंय, "सी मिळाला तर कोणाकडे?"